पदवीचे पैसे आणि तीस महिन्यांचा हिशेब

प्रश्न: मी २० वर्षांची आहे. पदवीचं पहिलं वर्ष झालं, पण मला पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत, कॉलेज सोडायचं आहे. गेल्या १२ महिन्यांत ७ कामं मिळाली, त्यांतली ५ एकाच प्रकाशकाची. सगळी मिळून माझा ४ महिन्यांचा खर्च निघेल एवढी कमाई झाली. पदवीसाठी आईबाबांनी ठेवलेल्या पैशांत माझा ३० महिन्यांचा खर्च भागतो. त्यातले ८ महिन्यांइतके संगणक आणि ड्रॉइंग टॅबलेटवर, १० महिन्यांइतके खासगी कोर्सवर घालावेत आणि उरलेल्या १२ मध्ये वर्ष काढावं, असा विचार आहे. बरोबर आहे का?

उत्तर: कॉलेज सोडण्याला माझा विरोध नाही, तुमच्या हिशेबाला आहे. कामं आत्तासारखीच येत राहिली तर वर्षाअखेरीस ४ महिन्यांचा खर्च शिल्लक राहील. आटली तर काहीच नाही, आणि परत शिकायला जायचं म्हटलं तर तेही पैसे संपलेले.

पदवीशिवाय नाव कमावलेल्यांची यादी तुम्ही जोडली नाहीत, हे बरं केलंत. जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी वास्तुकलेची पदवी न घेता १९९५ मध्ये प्रिट्झ्कर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक मिळवलं, पण १९६९ मध्ये कार्यालय थाटल्यापासून तिथवर २६ वर्षं गेली. तुमच्या हाताशी १२ महिने आहेत. मुखपृष्ठ देताना प्रकाशक गुणपत्रिका मागत नाही, हे खरंच. पदवी अडते ती पुढे, कॉलेजात शिकवायचं म्हटलं किंवा परदेशी नोकरीचा परवाना काढायचा म्हटलं की.

मी हेच पैसे असे मांडेन. १२ महिन्यांइतके मुदत ठेवीत, पदवीसाठी, हात न लावता. ६ आजारपणासाठी आणि बुडालेल्या बिलांसाठी. उपकरणांना २, सातही कामं आत्ताच्याच संगणकावर झाली ना? मग वापरलेला घेऊन भागेल. शिकण्याला २, तेही चित्रं तपासून चुका दाखवणाऱ्या एखाद्या कसलेल्या चित्रकारासाठी. उरले ८. आज तुम्ही खर्चाचा एक तृतीयांश कमावता. बाकीचे दोन तृतीयांश या ८ मधून भरले तर बरोबर १२ महिने निघतात. म्हणजे वर्ष तेवढंच, पण शेवटी हातात १८ महिन्यांचा खर्च. कामं अगदीच थांबली तर आठव्या महिन्यात कळेल, आणि तेव्हाही १८ शाबूत.

माझी खरी काळजी त्या ७ पैकी ५ कामांची आहे. तो प्रकाशक थांबला की तुमची कमाई जवळजवळ थांबली. पहिल्या ६ महिन्यांत नवे ३ ग्राहक, हेच लक्ष्य धरा. नवा संगणक ते आणून देणार नाही.

तुम्ही कमाई सांगता, तास सांगत नाही. एका कामाचे मोजून पाहा. समजा चित्राला २२ तास गेले, ईमेल, फोन आणि 'जरा निळा कमी करा'मध्ये ९. मानधन ३१ ने भागायचं, २२ ने नव्हे. वर पैसे ७५ दिवसांनी आले तर मधले अडीच महिने तुम्हीच प्रकाशकाला उधारी दिलेली असते. म्हणून निम्मे पैसे काम सुरू करताना, दोनदा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळा दर. हे बोलायला अवघड वाटतं. ईमेलमध्ये लिहायला तितकं नाही.

हक्कांकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. बर्न करार हा कलाकृतींच्या हक्कांबद्दलचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार; त्याच्या सदस्य देशांत चित्राला काढताक्षणीच हक्कांचं संरक्षण मिळतं, नोंदणी लागत नाही. पण पैसे घेऊन काढून दिलेल्या चित्राचे हक्क कोणाचे, हे त्या देशाच्या कायद्यावर आणि तुमच्यात काय लेखी ठरलं त्यावर अवलंबून असतं. ईमेलमध्ये 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं असेल तर 'या पुस्तकाच्या छापील आवृत्तीसाठी, ५ वर्षं' असं बदलून मागा. सगळे हक्क हवेच असतील तर दर वेगळा. तेच चित्र पुढे दिनदर्शिकेवर किंवा दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीवर पुन्हा पैसे देऊ शकतं, विकून टाकलं नसेल तर.

प्रवेश रद्द करण्याआधी वर्षभराचा खंड मिळतो का, हे कॉलेजला लेखी विचारा. आणि पैसे आईबाबांचे आहेत, तेव्हा हा हिशेब आधी त्यांच्यासमोर ठेवा. आठव्या महिन्याची तारीख त्यांनाही माहीत असू द्या.