जमिनीखालच्या पाण्याचा जमाखर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाऊस दरवर्षीइतकाच झाला, तरी आमच्या विहिरीची पातळी दोन वर्षांत चार-पाच मीटर खाली गेली. आसपास फक्त दोन-तीन नवे बोअर झाले आहेत. तेवढ्यानं इतका फरक पडतो का?

पडतो. खडकाळ जमिनीत तर हमखास पडतो. विहिरीत डोकावलं की खाली तळं असावं असं वाटतं, पण पाणी असतं खडकाच्या भेगांत आणि मुरमाच्या फटींत. 100 लीटर आकारमानाच्या कठीण कातळातून उपशाला मिळणारं पाणी साधारण 1 ते 3 लीटर. भरड वाळूच्या थरात ते 20 लीटरच्या आसपास जातं.

आता हिशेब करा. एक हेक्टर शेताला 100 मिलिमीटर पाणी जादा दिलं, म्हणजे 1,000 घनमीटर उपसा झाला. खडक 2 टक्के पाणी सोडणारा असेल, तर तेवढ्या क्षेत्राखालची पातळी 5 मीटर उतरते. वाळूत हीच घट अर्धा मीटर. शेजारून पाणी सरकत येतं, शेताला दिलेल्यातलं काही पुन्हा मुरतं, त्यामुळे ही घट एका जागी राहत नाही, आसपासच्या विहिरींवर वाटली जाते. तुमच्या विहिरीच्या वाट्याला तेच आलं असावं.

खात्री करायची तर मोजमाप ठेवा. पंप किमान 12 तास बंद ठेवून, काठावरच्या एकाच खुणेपासून, वजन बांधलेल्या टेपनं पातळी मोजा. वर्षातून दोन नोंदी पुरतात : पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि पावसाळा संपल्यावर एक. उन्हाळ्यातली पातळी खाली जाते पण पावसानंतर पूर्वीइतकीच वर येते, असं असेल तर उपसा वाढलाय, मात्र भरणा अजून पुरतोय. पावसानंतरची पातळीही वर्षागणिक उतरत असेल, तर तुम्ही साठ्यातलं पाणी काढत आहात. अशा वेळी बोअर आणखी खोल नेणं हा सर्वांत महागडा चुकीचा उपाय. कातळात खोल जावं तशा भेगा विरळ होत जातात. खोलवर लागलेलं पाणी बहुतेकदा वरच्याच साठ्यातून झिरपलेलं असतं, किंवा फार सावकाश भरणारं जुनं पाणी असतं.

प्रश्न : छपराचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर चालेल का? 100 चौरस मीटर छप्पर आहे.

गाळल्याशिवाय सोडू नका. मातीतून मुरणारं पाणी वाटेत गाळलं जातं आणि त्यातले जंतू अडतात. बोअर ही सगळी चाळण ओलांडून पाणी सरळ भेगेत नेते. एकदा आत गेलेली घाण बाहेर काढता येत नाही, आणि ती एकट्या तुमच्या बोअरपुरती राहत नाही.

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लीटर. तुमच्या छपरावर 20 मिलिमीटर पडला तर 2,000 लीटर, त्यातले 80 टक्के धरले तर 1,600 लीटर हाती येतात. खोळंबा क्वचितच एकूण पाण्याचा होतो, तो वेगाचा होतो. तासाला 60 मिलिमीटरच्या सरीत मिनिटाला 80 लीटर पाणी येतं. गाळणी त्या वेगासाठी हवी.

क्रम असा ठेवा. पहिल्या पावसाचे 1-2 मिलिमीटर, म्हणजे 100 ते 200 लीटर, वेगळ्या नळीनं बाहेर काढून द्या. धूळ, विष्ठा, पालापाचोळा त्यातच असतो. पुढे गाळ बसण्यासाठी टाकी. 800 लीटरच्या टाकीत त्या सरीचं पाणी दहा मिनिटं थांबतं. मग गाळणी : तळाशी जाड खडी, त्यावर बारीक खडी, सर्वांत वर एक-दोन मिलिमीटरची धुतलेली वाळू, आणि प्रत्येक थरामध्ये जाळी. उलट क्रम लावला तर वाळू खडीत उतरून खालच्या नळीत जाते. वाळू तुंबणारच, म्हणून जादा पाणी वाहून जायला वाट ठेवा आणि हंगामात दोन-तीनदा वरची 3-5 सेंटिमीटर वाळू खरवडून धुवा. पहिल्या वर्षी उत्तम चाललेली गाळणी तिसऱ्या वर्षी बंद पडते, ती बहुतेक इथेच.

अंगण, रस्ता, गोठा, शेत यांवरून आलेलं पाणी यात घेऊ नका. डांबर लावलेल्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या छपराचंही नको. माझं मत विचाराल तर बोअरऐवजी शोषखड्ड्यात पाणी मुरवा. तो शौचालयाच्या टाकीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून निदान 15 मीटर लांब असू द्या.

प्रश्न : समुद्राजवळची विहीर खारट झाली. आणखी खोल खणावी का?

नाही! खोल खणलं की खाऱ्या पाण्याजवळच जाल. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. घनतेतल्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी टिकून राहतं. हेच गणित उलटंही चालतं : वरची पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालची खारी सीमा 20 मीटर वर सरकू शकते. शिवाय जोरात उपसलं की नेमकी पंपाखाली ती शंकूसारखी वर चढते.

चव बिघडायला फार लागत नाही. 98 लीटर गोड्या पाण्यात 2 लीटर समुद्राचं पाणी आलं तरी लीटरमागे जवळपास 380 मिलिग्रॅम क्लोराइड होतं, आणि 250 च्या वर खारटपणा जाणवू लागतो. लहान पंपानं सावकाश, जास्त वेळ उपसा करा. एका खोल विहिरीपेक्षा दूर-दूरच्या उथळ विहिरी बऱ्या. सुधारणा दिसायला वर्षं लागतात, हे मनात ठेवूनच सुरुवात करा.

प्रश्न : विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. उकळून प्यावं का?

उकळल्यानं ते वाढतं. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट मागेच राहतं. क्लोरीन, फडकं, साधी गाळणी यांचाही उपयोग नाही. आर.ओ. किंवा आयन बदलणारी यंत्रणा लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लीटरला 50 मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे पाणी आजच बंद करा, दूध कालवायलाही वापरू नका. त्यामुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

उगम शोधताना शौचालयाची टाकी, उकिरडा आणि खत, तिन्ही पाहा. 100 किलो युरियात 46 किलो नत्र असतं. त्यातलं 10 किलो झिरपलं तरी 44 किलो नायट्रेट तयार होतं, आणि तेवढ्यानं जवळपास 8 लाख 80 हजार लीटर पाणी मर्यादेला टेकतं. म्हणून मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्या, मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी टाळा, आणि खत मातीआड करा. उघड्यावर पडलं तर अमोनिया होऊन उडतं.

प्रश्न : झाडं लावली की विहिरींना पाणी वाढतं ना?

सरसकट नाही. झाडाखालची माती पाणी चांगलं मुरवते, पण झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. गवताळ जागी दाट, झपाट्यानं वाढणारी झाडं लावली की ओढ्याचं पाणी बहुधा घटतं. उघड्या उतारावर आधी गवत आणि झुडपं धरू द्या.

प्रश्न : उपशानं जमीन खरंच खचते का?

चिकणमातीचे थर असतील तिथे खचते. त्या थरांतल्या पाण्याचा दाब वरचा भार काही प्रमाणात पेलत असतो. दाब गेला की मातीचे चपटे कण एकमेकांवर दबून बसतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यात मेंडोटाजवळ 1925 ते 1977 दरम्यान जमीन सुमारे 9 मीटर खाली गेली. पुन्हा पाणी भरलं तरी ती उंची परत मिळत नाही, आणि त्या थरात पूर्वीइतकं पाणीही मावत नाही.

घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे. बोअरचा केसिंग पाइप वर्षागणिक जमिनीतून जास्त बाहेर आलेला दिसतो आणि त्याभोवतालचा सिमेंटचा ओटा अधांतरी राहतो. पाइप वर आलेला नसतो, भोवतालची जमीन खाली बसलेली असते. पाइपवर रंगाची रेघ मारून जमिनीपासूनचं अंतर तारखेसह लिहून ठेवा.