बायबल की कुराण: इतिहासाचं साधन म्हणून जास्त भरवशाचं कोणतं?

श्रद्धा बाजूला ठेवून इतिहासकार कोणावर जास्त भिस्त ठेवील, बायबलवर की कुराणावर, असं तुम्ही विचारलंय. ही जोडीच चुकीची लावली आहे असं माझं मत. मीही एकदा तीच लावली होती.

मी ठाण्याचा, चरईतला. नोकरी बँकेत झाली, इतिहास नंतर आवडीनं वाचला. निवृत्तीनंतर कुराणाचा मराठी अनुवाद आणला आणि पैगंबरांचं चरित्र शोधत पहिल्या पानापासून सुरुवात केली. शंभरेक पानं झाली तरी जन्म नाही, बालपण नाही, कुठली घटना कधीची याचा पत्ता नाही. 'मुहंमद' हे नाव अख्ख्या ग्रंथात चारदा येतं. येशूच्या आईचं, मरियमचं, तीसहून जास्त वेळा. राबोडीत राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना तलावपाळीवर गाठून विचारलं, तर ते हसले. "अहो साहेब, गाथा उघडून तुम्ही तुकोबांची जन्मतारीख शोधताय. चरित्र हवं तर सीरत वाचा."

ते वाक्य मी अजून वापरतो. गाथेत तुकोबांचा स्वतःचा आवाज आहे. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली, हे तेच सांगतात. पण सलग हकीकत हवी तर संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतीकडे जावं लागतं, आणि तो शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचा. कुराण आणि सीरत यांचं तसंच आहे. पैगंबर 632 मध्ये गेले. त्यांचं सर्वांत जुनं मोठं चरित्र इब्न इसहाकचं. तो 767 च्या सुमारास वारला, आणि त्याचं लेखन आपल्याला मुख्यतः इब्न हिशामनं संपादलेल्या रूपात मिळतं. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या आठवणी, गोळा करणारे बुखारी तर 870 मध्ये वारले. मधलं अंतर भरायला 'अमक्यानं तमक्याकडून ऐकलं' अशी साखळी असते. ती साखळी खोटी घडवता येते हे आधी मुस्लिम विद्वानांनीच ओळखलं. निवेदकांची पारख करण्याचं शास्त्र त्यातूनच उभं राहिलं.

म्हणजे येशूच्या चार शुभवर्तमानांशी, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवरच्या त्याच्या चरित्रांशी, तुलना करायची ती सीरतची, कुराणाची नव्हे. इथे शुभवर्तमानं काळाच्या हिशेबानं पुढे आहेत. येशूला क्रुसावर दिलं ते इसवी सन 30 च्या आसपास. मार्कचं लेखन बहुतेक अभ्यासक 70 च्या सुमाराचं मानतात. पण येशू बोलायचा अरामीत, ही पुस्तकं ग्रीकमध्ये, आणि आपसांत मेळ नाही. मत्तय येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात सांगतो. हेरोद इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेला. लूक त्याच जन्माशी रोमन सुभेदार क्विरिनियसची जनगणना जोडतो, ती इसवी सन 6 मधली. दोन्ही एकदम खरं कसं असणार?

कुराणाच्या जोडीला बसवायची ती पौलाची, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाची, बायबलमधली पत्रं. गोष्ट नाही, पण आवाज त्या काळातला. 50 च्या दशकातला पौल गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना, सहज लिहून जातो की आपण यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याला आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटलो. इतिहासकाराला असली जाता जाता आलेली वाक्यं सोन्यासारखी.

हस्तलिखितांत मात्र कुराणाची बाजू भक्कम आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात कुराणाची दोन पानं आहेत, त्यांच्या कातड्याचा काळ कार्बन चाचणीनं 568 ते 645 निघाला. ते वय कातड्याचं, शाईचं नव्हे, हे खरं. तरी इतक्या जवळचा तुकडा नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाचा, नाही. त्याचा सगळ्यात जुना मानला जाणारा कपटा साधारण दुसऱ्या शतकातला, आणि चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रतींत मार्कच्या शेवटच्या बारा ओव्याच नाहीत.

पण 'कुराण एकसारखं, म्हणून जास्त खरं' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. परंपराच सांगते की खलिफा उस्मान यांनी 650 च्या सुमारास एक प्रत प्रमाण ठरवली आणि बाकीच्या नष्ट करवल्या. येमेनमधल्या सना इथल्या मशिदीत 1972 मध्ये सापडलेल्या कुराणाच्या बाडात वरच्या अक्षरांखाली खरवडून पुसलेला जुना पाठ आहे, त्यात फरक दिसतात. नव्या कराराच्या हजारो प्रतींत पाठभेदांचा सुळसुळाट आहे, पण प्रती ताडून बघायला तेच उपयोगी पडतात.

आणि मग तो वादाचा मुद्दा. येशूला क्रुसावर मारलं नाही असं कुराण म्हणतं. इतिहासकार इथे पौल, शुभवर्तमानं आणि 116 च्या सुमाराला लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस यांच्या बाजूनं जातात, कारण सातव्या शतकातला ग्रंथ पहिल्या शतकाचा साक्षीदार होत नाही. सातव्या शतकातल्या अरबस्तानात येशूविषयी काय बोललं जात होतं, याचा मात्र तो अस्सल साक्षीदार. सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा इतिहास तुमच्यापाशी." चहाचे पैसे त्यांनीच दिले.

चमत्कारांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उदाहरण आमच्या ठाण्यातलंच आहे. 1321 मध्ये इथे फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू काझीसमोरच्या धर्मवादानंतर मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस याची पत्रं आहेत. थोड्या काळानं आलेल्या ओडोरिकचा प्रवासवृत्तांतही आहे, आणि त्यात एक साधू आगीत टाकूनही जळत नाही. मारले गेले हे मी मानतो, आगीची गोष्ट संतचरित्राच्या खात्यात टाकतो. शिवाय सगळं कथन साधूंच्या बाजूचं, हे लक्षात ठेवतो. मार्क वाचतानाही मी हेच करतो.

वाचायचंच असेल तर गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि कुराणाच्या तिसाव्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, सुरुवात, जिथे रोमनांच्या पराभवाचा उल्लेख आहे, इथून धरा. मार्क छोटा आहे. धीम्या लोकलनं ठाणे ते सीएसएमटी जाता-येता संपतो, बसायला जागा मिळाली तर.