शहरातल्या चार-पाच गुंठ्यांत दुर्मीळ गावठी वाण जपता येतात का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या बाजूला पाच गुंठे जागा मिळाली आहे, चहूबाजूंनी इमारती आहेत, आणि दुर्मीळ गावठी भाज्यांचे वीसेक वाण जमवून लावायचे आहेत. कोणते घ्यावेत, बी कुठून आणावं आणि पुढे टिकवावं कसं, हा तुमचा प्रश्न. मी वसईला जवळपास एवढ्याच जागेत हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जपता येतात. पण वीस नाही, तीन घ्या. फार तर चार.

वाण लावणं सोपं आहे. तो पुढच्या वर्षी तसाच्या तसा उगवावा याची सोय करणं हे खरं काम, आणि त्यालाच जागा लागते. दुधीचं उदाहरण घ्या. एकाच वेलाचं बी वर्षानुवर्षं धरत राहिलात तर वाणातली विविधता आटत जाते, म्हणून निदान आठ-दहा वेल हवेत. त्यांचा मांडव घातला की गुंठ्यातला (म्हणजे 1089 चौरस फुटांतला) बराच भाग तिथेच संपतो. त्यातून प्रत्येक वेलावरचं एखादं फळ बियासाठी सोडायचं. ते काही महिने वेलावरच राहणार, आणि वेल आपली ताकद त्याच्यावर खर्च करणार. ही वीस वाणांची जबाबदारी पाच गुंठ्यांत पेलत नाही. जागा अपुरी पडली की माणूस प्रत्येकाचं एकेक रोप लावतो, फोटो काढतो आणि दोन वर्षांत सगळं बी हातातून जातं.

दुसरा नियम असा की एका जातीचा एकच वाण. दुधी आणि दोडका शेजारी चालतात, त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. पण कोकणातलं मोठं तवसं आणि बाजारातली काकडी या दोन्ही मुळात काकडीच, मधमाशी त्यांच्यात भेद करत नाही. अडचण अशी की संकर झाला तरी या वर्षीचं तवसं अगदी अस्सल दिसतं. फळाचा गर आणि साल आईवेलाची असते, परका बाप आत बियात बसलेला असतो. तो पुढच्या पावसाळ्यात, ते बी लावल्यावर दिसतो.

इथे शहरातल्या जागेचा एक मोठा फायदा आहे. गावात शेजारच्या बांधापलीकडे संकरित वांग्याचं किंवा काकडीचं अख्खं शेत असतं. तुमच्या भोवती इमारती आहेत. मधमाश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात हे खरं, पण त्या टप्प्यात दुधीचे दुसरे वेल किती असतील? एखाद्या चाळीच्या पत्र्यावर, एखाद्या गच्चीवर. थोडी काळजी घेतली तर बी शुद्ध राखायला तुमची जागा गावातल्या शेतापेक्षा बरी ठरू शकते. अशा जागेकडून टोपल्या भरून भाजीची अपेक्षा ठेवू नका, बी मात्र ती उत्तम देईल.

सुरुवात मी कंदांपासून करायला सांगेन. करांदा, कणगर, सुरण, अळू. यांची लागवड कंदांनी होते, त्यामुळे संकराचा प्रश्नच नाही. जो कंद लावला तोच वाण पुन्हा हातात येतो. करांद्याचा वेल कुंपणावर किंवा एखाद्या झाडावर चढवून द्या, पानांच्या बगलेत हवेतच करांदे धरतात. वेल वाळायला लागला की ते काढायचे, काही उकडून खायचे, काही कोरड्या टोपलीत ठेवायचे. पावसाआधी त्यांना आपोआप कोंब फुटतात. फक्त ओळखीच्या घरी खाल्ला जाणारा करांदाच आणा, रानातले काही फार कडू असतात. तसंच केळीचं. आमच्याकडे आगाशीला सुकेळी होतात ती राजेळीची, पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवलेली. टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैन या बाजारी केळीपुढे राजेळी, मुठेळी, भुरकेळ ही नावं मागे पडत चालली आहेत. एका कोपऱ्यात राजेळीचं एक बेट ठेवलंत तरी ते मोठं काम आहे. मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू) घेताना तलवारीसारख्या अरुंद पानांचा घ्या, आणि ज्या बेटात पानं आखूड होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटली असतील तिथून काहीच आणू नका. तो पर्णगुच्छ रोग आहे, मुनव्यातून तुमच्या वाडीत येईल.

बियांच्या पिकांत पहिला नंबर वालाचा. वाल, पावटा, चवळी यांच्या फुलात बहुतेक वेळा आतल्या आतच परागण होतं, म्हणून नवशिक्यालाही वाण शुद्ध राखता येतो. आपल्याकडे वालाचे प्रकार किती आहेत हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या कामातून शहरी लोकांना कळलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांच्या बियाणे बँकेची चर्चा सगळीकडे झाली. शेंगांचा रंग, रुंदी, वास, दाण्याचा कडवटपणा, प्रत्येक वालाचं वेगळं.

वालाबद्दल शहरात एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते, ती कुठल्या पुस्तकात चटकन सापडत नाही. जुने वेली वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतात. जून-जुलैत लावलेला वेल पावसाळाभर नुसता वाढतो आणि दिवाळीच्या सुमारास तुरे काढतो. त्याला रात्रीचा अंधार लांब हवा असतो. माझ्या वाडीच्या रस्त्याकडच्या कुंपणावर रात्रभर दिव्याच्या खांबाचा उजेड पडतो. तिथले वेल हिरवेगार राहतात, पण तुरे उशिरा आणि तुरळक येतात. त्याच बियाचे विहिरीकडच्या अंधाऱ्या बाजूचे वेल तोवर शेंगांनी लगडलेले असतात. तेव्हा जागा आखण्याआधी एकदा रात्री तिथे जाऊन उभे राहा. उजेड कुठवर येतो ते बघा आणि वाल त्याच्या पलीकडे लावा.

वांगी, मिरची, टोमॅटो मधल्या गटात येतात. फुलं स्वतःच फळ धरतात, पण भुंगे आणि माश्या थोडाफार संकर करतात, मिरचीत तर बराच. लग्नात भेटवस्तूबरोबर मिळणाऱ्या जाळीच्या पोटल्या जपून ठेवा. कळ्या उमलण्याआधी फांदीच्या टोकाला पोटली बांधायची, रोज सकाळी फांदी हलकेच हलवायची, फळ धरलं की पोटली काढून देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा, नाहीतर ते फळ कुणीतरी आमटीत घालतं. वांगं बियासाठी पिवळं-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवा. भाजीच्या वांग्यातलं बी उगवत नाही.

जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे म्हणून ते लावायचं तुमच्या मनात आहे असं लिहिलंय. लावून बघा, पण ते तुमचा जपायचा वाण धरू नका. मानांकन त्या वाणाला त्या मातीत, त्या हवेत मिळालेलं आहे. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत ज्याच्या पिढ्या गेल्या असा वाण तुमच्याकडे जास्त सुखाने राहील. कांदा आणि मका तर टाळाच. कांदा दुसऱ्या हंगामात फुलतो आणि दूरवरून संकर होतो. मक्याचं परागण वाऱ्यावर होतं आणि वाण सशक्त राहायला शंभरावर ताटं लागतात.

आता दुधी, कारण हात लावून करायचं काम इथे आहे आणि ते शिकलात की बाकीचे वेल सोपे जातात. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारी चारच्या सुमारास मांडवाखाली जा. आज उमलणारी कळी फुगलेली असते आणि तिच्या टोकाला पांढऱ्या पाकळ्या डोकावत असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी असतो, नर फूल लांब बारीक देठावर एकटंच असतं. दोन्हींच्या टोकांना सैलसर दोरा बांधा, म्हणजे कीटक आत शिरणार नाहीत. दिवेलागणीला दोरा सोडा, दुसऱ्या वेलावरचं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि आतला पराग मादी फुलाच्या मधल्या जाडसर भागावर सगळीकडून हळूच टेकवा. मग मादी फूल पुन्हा बांधून टाका, देठाला खुणेचा दोरा. चार-पाच दिवसांत फळ फुगू लागलं तर साधलं. पिवळं पडून गळलं तर दुसरं फूल घ्या. फळमाशीसाठी क्यूल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगाच, आणि बियाच्या फळाला लहान असतानाच कागदाची पिशवी घाला. ते फळ साल टणक होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत वेलावर राहू द्या.

बियाचं झाड निवडायचं ते फुलं येण्याआधीपासून नजर ठेवून. चुरडा-मुरडा, केवडा या रोगांची बाधा झालेल्या झाडाचं बी घेऊ नका, आणि वेगळं दिसणारं रोप फुलण्याआधी उपटा. सगळ्यात चांगलं पहिलं फळ खायचं नाही, ते बियाचं.

मुंबई-ठाण्यात बियाचा खरा शत्रू पावसाळ्याची दमट हवा. बियातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. पूर्वी दुधी, दोडके अख्खेच चुलीवरच्या धुरात टांगलेले असायचे, कडधान्याला राख चोळलेली असायची. आपल्याकडे चूल नाही. बी सावलीत, पंख्याखाली, ताटात पसरून सुकवा. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाला भाजून थंड केलेले तांदूळ, त्यावर कापडाच्या पुरचुंडीत बी. आठवड्याने तांदूळ बदला आणि बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. टोमॅटोचं बी मात्र आधी गरासकट दोन दिवस आंबवून, वरचा बुळबुळीत थर धुऊन सुकवायचं.

बी आणायचं कुठून? आधी स्वतःच्या आणि सासरच्या गावातल्या वयस्कर बायकांना विचारा. आठवडे बाजारात थोड्या थोड्या शेंगा घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारा. बायफ या संस्थेने अकोले, जव्हार या भागांत स्थानिक वाणांवर काम केलंय. नागपूरला बीजोत्सव भरतो, तिथे बियांची देवाणघेवाण होते. ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीचं वगैरे बी दिसतं ते विसरा. बी घेताना फक्त बी घेऊ नका. हे कधी लावतात, कशात शिजवतात, कुठल्या महिन्यात फळ येतं, हे विचारून पाकिटावर गावाच्या नावासकट लिहा. बी वाटण्यात कायद्याची अडचण येईल का, असंही विचारलंय. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 मधल्या कलम 39 प्रमाणे शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, बदलून घ्यायला आणि विकायलाही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकायचं नाही, एवढीच अट.

जागेबद्दल एकच. इमारतीच्या राडारोड्यावर भरलेली जमीन असेल तर आधी माती तपासून घ्या, तोवर गादीवाफ्यात बाहेरची चांगली माती आणि कंपोस्ट घालून लावा. विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी चाखून बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात काही विहिरी मचूळ होतात, आणि मचूळ पाण्यावर वाल लगेच माना टाकतो.

पहिल्या वर्षी करांदा, एक वाल आणि एक दुधी एवढंच करा. बी हातात आलं की अर्धं लगेच दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना द्या. तुमच्याकडे पाणी तुंबलं, उंदीर लागले किंवा उद्या ती जागाच गेली, तरी ते बी परत मागायला दोन घरं असतील. वालाचं मूठभर बी मी देऊ शकते. शेंगा फेब्रुवारीअखेर वाळतात, तेव्हा निरोप पाठवा.