फलक गेटवर, नजर डिस्पॅचवर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटी सुपरवायझर आहे. मालकांच्या मुलानं सल्लागार नेमून कंपनीचं मिशन लिहून घेतलंय : 'गुणवत्ता हाच आमचा धर्म'. गेटवर फलक लागला. रोज सकाळी सगळ्यांनी ते मोठ्यानं म्हणायचं. माणसं गालात हसतात. अशा वाक्यानं कामात खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पडतो की! पण बऱ्याचदा उलटा. सकाळी धर्म म्हणायचा आणि महिनाअखेरीला ब्लो होलमध्ये, म्हणजे ओतताना वायूनं पडलेल्या भोकात, लांबी (पुट्टी) भरून, वरनं रंग मारून तेच कास्टिंग गाडीत चढवायचं. फलक नव्हता तेव्हा ही नुसती चालढकल होती. आता सगळ्यांदेखत खोटं बोलणं झालं. उद्यमनगरात पर्सोनेल खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कामगाराचे कान असतात साहेबांच्या सकाळच्या पहिल्या प्रश्नाकडे. "काल किती टन गेलं?" असं विचारलं, की दिवसभर कुणी रिजेक्शनचं नाव काढत नाही.

दाभोळच्या वीज प्रकल्पवाल्या एन्रॉन कंपनीनंही आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता अशी चार मूल्यं मिरवली होती. हिशेबच खोटे निघाले, डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं वाजलं.

शब्द कामाला कसे लावायचे, ते आपल्या गावातच बघा. शाहू महाराजांचा संस्थानातल्या नोकऱ्यांबद्दलचा २६ जुलै १९०२ चा आदेश मिळवून वाचा. मागासलेल्यांना पुढं आणावं, एवढ्या सदिच्छेवर तो थांबत नाही. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० त्यांच्या. जिथं प्रमाण कमी, तिथं पुढची नेमणूक त्यांचीच. आणि वर खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. असा तक्ता मागितला, की कारकुनालाही कळतं, दरबारानं हे मनावर घेतलंय.

तेव्हा धाकट्या मालकांशी बोला. फलक काढा म्हणू नका, हौसेनं लावलाय. सकाळचं पठण तेवढं थांबवा. दोष आढळून लाल टॅग लागलेलं कास्टिंग क्वालिटीच्या सहीशिवाय हलणार नाही आणि साचा करणाऱ्या मोल्डरनं स्वतःहून दोष दाखवला तर त्याचा इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, एवढं मागा. पहिल्या महिन्यात डिस्पॅच घसरेल, थोरले मालक भडकतील. त्या दिवशी धाकटे कुणाची बाजू घेतात, ते सगळी शिफ्ट बघत असणार. म्हणून थोरल्यांचा होकार आधीच लेखी घेऊन ठेवा.