पानशेतचा पूर आभासी वास्तवात : बातमी की देखावा?

प्रश्न : माझी नात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या त्या हेडसेटमध्ये, उभा करण्याचा प्रकल्प तिने घेतला असून त्यासाठी ती माझ्या आठवणी ध्वनिमुद्रित करते आहे. तो पूर मी लहानपणी शनिवार पेठेत पाहिला. संगणकावर तयार होणाऱ्या या चित्राला बातमी म्हणावे, की गणेशोत्सवातला देखावा?
— एक आजोबा, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नॉनी दे ला पेन्या या अमेरिकन पत्रकार महिलेची ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ ही आभासी वास्तवातली कृती २०१२ च्या सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. मोफत अन्नवाटपाच्या रांगेत ताटकळलेला मधुमेही माणूस साखर उतरल्याने कोसळतो, एवढाच तिचा विषय. रांगेतले आवाज प्रत्यक्ष जागेवर मुद्रित केलेले होते. माणसे आणि रस्ता मात्र संगणकावर घडवलेले. तरीही पाहणाऱ्यांपैकी काही जण त्या माणसाजवळ गुडघ्यांवर बसले. मला धास्ती वाटते ती याच परिणामाची, कारण समोर नसलेल्या माणसासाठी जो खाली वाकतो, तो त्या क्षणी यातले खरे किती, हे विचारण्याच्या मनःस्थितीत नसतो.

दुसरा प्रकार ३६० अंशांच्या चित्रीकरणाचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना मोबाइल बसवून डोळ्यांना लावायची पुठ्ठ्याची दर्शक-उपकरणे घरपोच पाठवून सीरिया, युक्रेन आणि दक्षिण सुदान येथील तीन विस्थापित मुलांची कथा दाखवली, ती या पद्धतीने. येथे दृश्य खरे असते. परंतु अनेक भिंगांनी टिपलेली चित्रे जोडून चहूबाजूंचे दृश्य पूर्ण होत असल्याने चौकटीबाहेर अशी जागाच उरत नाही, आणि चित्रण करणाऱ्याला स्वतः दडून बसावे लागते. दिवेघाट चढणारी माउलींची पालखी अशी टिपता येईल (त्या गर्दीत दडायचे कुठे, हा प्रश्न वेगळा). १९६१ चा पूर मात्र नाही.

म्हणजे आपल्या नातीला पहिलाच मार्ग उरतो, आणि तो बातमीचा होऊ शकतो. आपला आवाज मूळ ठेवावा, त्याला पार्श्वसंगीत जोडू नये. ज्या भिंतीचे, पुलाचे किंवा वाड्याचे छायाचित्र अथवा साक्ष उपलब्ध आहे, तेवढेच रेखीव दाखवावे. जेथे अंदाज आहे तेथे चित्र मुद्दाम धूसर ठेवावे, आणि त्या धूसरपणाचा अर्थ आरंभीच सांगावा. प्रेक्षकाला लोंढ्यात ढकलण्याचा मोह टाळावा. शरीर स्थिर असताना दृश्य आपल्याला वाहून नेऊ लागले की अनेकांना मळमळते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की आपण स्वतः त्या लोंढ्यात नव्हता. ज्या जागेवरून आपण पाणी पाहिले, तीच जागा प्रेक्षकाला द्यावी, आणि त्यापलीकडचे जे आपल्याला दिसले नव्हते, ते त्यालाही दिसू नये.