पतसंस्थेत पत आहे, बँकेच्या नोंदीत नाही

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगत टॉवेलच्या कडा शिवून देण्याचे माझे छोटे काम आहे. पतसंस्थेकडून दोनदा कर्ज घेतले आणि एकही हप्ता न चुकवता फेडले. नवीन शिलाई यंत्रांसाठी बँकेकडे चार लाख रुपये मागितले, तेव्हा ‘सिबिल उणे एक दाखवते’ असे तोंडी सांगून परत पाठवले. दिराच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिल्यास माझा सिबिल तयार होईल, असे एकाने सुचवले आहे. मी काय करावे?

उत्तर : प्रथम जामिनाविषयी, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरणे अवघड आहे. जामीनदार म्हणून आपले नाव पत-अहवालात, म्हणजे कर्जे व त्यांच्या परतफेडीच्या नोंदींच्या उताऱ्यात, येऊ शकते, हे खरे. पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दिरांनी हप्ते थकवले, तर बँक त्यांच्यावर कारवाई संपेपर्यंत थांबायला बांधील नसते, आणि ती थकबाकी आपल्याही अहवालावर येते. घरातील नात्यासाठी जामीन राहायचे असेल तर तो आपला निर्णय आहे. पत निर्माण करण्यासाठी मात्र राहू नका.

‘उणे एक’ म्हणजे वाईट पत नव्हे. सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी पत-माहिती कंपनी; तिने दिलेला गुणांक 300 ते 900 या टप्प्यात असतो आणि उणे एकचा अर्थ इतकाच की, आपल्या कर्जव्यवहाराची नोंद त्या कंपनीकडे नाही. ज्याने हप्ते बुडवले आणि जिने पतसंस्थेत वेळेवर फेडले, त्या दोघांना बँकेच्या खिडकीवर एकच उत्तर मिळावे, हे मला न्याय्य वाटत नाही. रिझर्व्ह बँकेनेही केवळ पूर्वइतिहास नाही म्हणून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे बँकांना सुचवले आहे. मात्र त्यामुळे कर्ज मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय राहतो आणि निव्वळ त्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार चालत नाही.

म्हणून तोंडी नकारावर समाधान मानू नका. अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्या आणि नाकारल्यास मुख्य कारणे लेखी मागा. ती कळवणे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँकेचे कर्तव्य आहे. या मागणीला 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर त्या मुद्द्यावर लोकपालाकडे जाता येईल. अर्जासोबत पतसंस्थेचे दोन्ही कर्जखात्यांचे उतारे, ‘येणे बाकी नाही’ असा दाखला, कारखानदारांनी दिलेल्या कामाची बिले आणि बँक खात्याचे उतारे जोडा. छोट्या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेखाली अर्ज केल्यास ही रक्कम तारणाशिवाय मागता येते, तेव्हा अर्जात तसे नमूद करा.

देशात सिबिल धरून अशा चार पत-माहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही मागवून पाहा. एखाद्यात आपल्या नावावर परके कर्जही निघते. तसे आढळल्यास लेखी हरकत घ्या. 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसामागे 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

पत उभी करायचीच असेल, तर मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर दोऱ्याच्या रिळांसारखी लहान खरेदी करा आणि बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीआधी भरा. एखादा दागिना ठेवून बँकेकडून छोटे सोनेतारण कर्ज घेऊन फेडले तरी नोंद होते, पण त्यासाठी व्याज मोजावे लागेल. गुणांक दिसायला काही महिने लागतात. त्या काळात पाच-सहा बँकांत एकदम अर्ज टाकू नका, कारण बँकेने केलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद आपल्या अहवालात राहते. आणि पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्याला आपले आधार व पॅन देऊ नका.