नाईटनंतर विचारणारे कुणी नाही

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. कपाशीवरील फवारणीच्या दिवसांत एका रात्री तीस खाटांसाठी मी आणि एक कक्षसेवक असे दोघेच वॉर्डात होतो. विषबाधा झालेला तरुण शेतकरी आला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲट्रोपिन हे विषबाधेवरचे औषध सुरू करून त्याला १०८ने पुढे पाठवले, परंतु तो वाटेतच गेला. नातेवाईक परत येऊन माझ्या अंगावर धावले. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी रजिस्टर पूर्ण झाले का, एवढेच विचारले. तेव्हापासून झोप उडाली आहे आणि रुग्ण विव्हळत असला तरी मनात काही हलत नाही. यजमान अकोल्याला असतात. ते फोनवर धीर देतात, तरी बरे वाटत नाही. मी कमकुवत आहे का? बदली मागावी का?

उत्तर : ताई, मन हलत नाही याची खंत वाटून तुम्ही पत्र लिहिले, म्हणजे ते मन शाबूत आहे. सततचा थकवा, कामाविषयीचा दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना यांना मिळून ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. तुमच्या बाबतीत त्यावर एका रात्रीचा धक्काही बसला आहे. यात कमकुवतपणा कुठेच नाही.

यजमानांच्या फोनने बरे का वाटत नाही, हा मला तुमच्या पत्राचा गाभा वाटतो. जेम्स हाउस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ साली आधाराचे चार प्रकार सांगितले : मायेचा, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि आपण केले ते बरोबर होते का हे सांगणारा. यजमान पहिला आधार भरभरून देतात. परंतु ड्युटीच्या तक्त्यात दुसरी सिस्टर ते घालू शकत नाहीत, आणि उपचारात कसूर झाली नाही हे त्यांनी कितीही सांगितले तरी तुम्हाला पटणार नाही, कारण ते त्या रात्रीचा केसपेपर वाचू शकणाऱ्यानेच सांगावे लागते. (२०२० साली देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या, तेव्हा त्या आवाजाने कुणाची रिलीव्हर आली नव्हती.)

म्हणून तो केसपेपर घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत एकदा बसा आणि काय झाले, वेगळे काय करता आले असते, हे मोकळेपणाने विचारा. इन्चार्ज सिस्टरांना मी लगेच निष्ठुर म्हणणार नाही. रजिस्टर अपुरे राहिले तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, आणि त्यांच्या नाईटनंतर त्यांनाही कदाचित कुणी विचारले नसेल. फवारणीच्या हंगामापुरती रात्री दुसरी परिचारिका मिळावी, ही लेखी मागणी त्यांच्यामार्फतच, शक्यतो सर्व सिस्टरांच्या सह्यांनिशी करा. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा महाराष्ट्रात २०१०च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्यात परिचारिकाही येतात. अशा वेळी तक्रार रुग्णालयाकडून जावी, एकट्या सिस्टरने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढू नयेत.

बदलीचा अर्ज तूर्त थांबवा. नव्या ठिकाणीही रात्री एकटीच असाल, आणि चार्ज देता-घेता दोन शब्द बोलणारी मैत्रीण पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागेल. दोन आठवड्यांनंतरही झोप परतली नसेल किंवा ती रात्र सारखी डोळ्यांसमोर येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते आणि तो चोवीस तास चालतो, त्यामुळे नाईटला असतानाही लावता येईल.